दरवाज्याचं घर

आमचा गड फितुरीने पडला, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती पेणला, गणपतीच्या कारखान्यात. मी तिथे आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. गणपती महिन्यावर आले होते आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जेवणाची सुट्टी संपत आली होती. माझ्या शेजारी बसून दागिने रंगवणारी बाई मोबाइलवर काहीतरी बघत होती. त्यातून एक आवाज आला आणि मी ब्रश खाली ठेवला. आवाज माझ्या मैत्रिणीचा होता.

"हाच तो दरवाजा," ती सांगत होती. "बाहेरून तोफा डागून जो गड पडला नाही, तो आतल्या एका माणसाने पाडला. या दरवाज्याच्या राखणदाराने! वतनाच्या आशेने त्याने दिंडी उघडली आणि शत्रू आत घेतला."

घरी ती असं बोलत नाही. घरी ती 'हाय', 'नाय' बोलते. व्हिडिओत ती शहरातल्यासारखं बोलली होती, वाक्यावाक्यावर थांबत. मागे संगीत लावलं होतं.

"तुज्या माहेरचा गड ना गो ह्यो?" शेजारची बाई म्हणाली. "काय हरामखोर मानूस असंल!"

मी "व्हय" म्हटलं आणि पुढची मूर्ती ओढून घेतली. त्या दुपारी एकाही गणपतीचा डोळा मला जमला नाही. शेवटी मालकांनी मला रंग कालवायला बसवलं.

तो राखणदार आमच्या घरातला. गावात आमच्या घराला आडनावाने कोणी ओळखत नाही, 'दरवाज्याचं घर' म्हणतात.

गडाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर लोक आधी तो व्हिडिओ शोधतील. रोह्याकडच्या खांब गावाला एस.टी.तून उतरलं की डोंगराची जी धार समोर दिसते, तिच्यात कुठेतरी आहे इतकं पुरे. गडाच्या कड्याखाली सपाटी आहे, तिला माची म्हणतात. माचीभोवती तट आहे आणि तटाच्या आत आमचं गाव. घरं वीस-बावीस. भात खालच्या खाचरांत, नाचणी-वरी उतारावर आणि भात निघालं की वाल. गावात जायचं तर दरवाज्यातूनच जावं लागतं. गुरं त्यातूनच जातात, नवरी त्यातूनच येते, मयत त्यातूनच खाली जातं. दरवाज्याची मोठी लाकडी कवाडं कधीच गेली. एका बाजूला, माणूस वाकून जाईल एवढी दगडी चौकट आहे, तिला दिंडी म्हणतात. दसऱ्याला मोठ्या दरवाज्याला तोरण बांधायचा मान आमच्या घराचा. झेंडू, भाताच्या लोंब्या, कुरडूची फुलं. तोरण आमच्या पडवीत ओवायचं आणि बाबांनी बांधायचं. का, ते गावात कोणाला माहीत नव्हतं. मान आहे म्हणून आहे, एवढंच.

मला माहीत होतं, कारण बाबांनी मला सांगितलं होतं. मी लग्न होऊन पेणला निघाले त्याच्या आधी दोन दिवस. आई तेव्हा नव्हती, भाऊ मला नाही. आम्ही दोघं दरवाज्याच्या देवडीत बसलो होतो.

"गडाला येढा पडला व्हता," बाबा म्हणाले. "टाक्यांतलं पानी सपलं. पोरं जीब बाहेर काढून पडली व्हती. किल्लेदाराचा हुकूम व्हता, दरवाजा उगडायचा नाय. आपल्या मानसानं दिंडी उगडली. बायका आनि पोरं खाली सोडली, जंगलाच्या वाटेनं. मंग दिंडी लावून परत जाग्यावर उबा ऱ्हायला. पळाला नाय."

"मग?"

"किल्लेदारानं त्याला फितूर ठरवला. कडेलोट केला. गड पडला त्यो नंतर, पान्यावाचून. समदं निवलं तवा बायका परत आल्या. पोरांना घेऊन. ह्ये गाव त्या पोरांचं हाय. त्यांनी त्याच्या बायकोच्या हातानं दरवाज्याला तोरण बांदून घेतलं. म्हनून आपला मान." मग म्हणाले, "पन फितूर ह्यो शब्द एकदा आपल्या उंबऱ्यावर येऊन गेलाय. म्हनून कोनाला सांगायचं नाय. तुजा आजा माज्याशी बोलला, मी तुज्याशी बोललो. बास."

मी मान हलवली होती.

माझी मैत्रीण आणि मी एका वयाच्या. शाळेला रोज गड उतरायचो आणि चढायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो. ती गावातच दिली, मी पेणला. पण तिच्याशी माझं कधी तुटलं नाही. काही वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याची मुलं पाठीला पिशव्या लावून गडावर यायला लागली. तिने अंगणात मांडव घातला, भाकरी आणि वालाचं बिरडं करून वाढायला लागली. थंडीत पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची. मग लोकांना गड दाखवायलाही तीच जायला लागली. बोलायला धीट होती. मला फार कौतुक वाटायचं. मी पेणहून गेले की बाबांना विचारून तिला वहीत लिहून द्यायचे: कुठल्या टाक्याला काय म्हणतात, चुन्याच्या घाणीला बैल कसा जुंपत, एका बुरुजाला गाईबुरूज का म्हणतात. बाबाही आनंदाने सांगायचे. "पोर गडाचं नाव काढील," म्हणायचे.

एका चैत्रात आम्ही दोघी मोठ्या टाक्यातला गाळ काढत होतो. टाकं कोरडं पडलं होतं. घमेली भरून भरून हात सोलले, तेव्हा आत सावलीला भिंतीला टेकून बसलो. तिथे तिने मला तिच्या संसारातलं एक दुखणं सांगितलं. काय ते मी आजही कोणाला सांगितलेलं नाही. सांगताना ती हमसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला वाटत होतं, हिने एवढं मोठं आपल्या हातात दिलं, आपण हिला काय देणार? माझ्याकडे तेवढं जपून ठेवलेलं एकच होतं. मी तिला दिंडीची गोष्ट सांगितली. किल्लेदार, बायका, पोरं, कडेलोट, सगळं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाय गो! एवढं असून काका कदी बोलले नाय?"

"घरातलं हाय," मी म्हटलं. "बाहेर नको काढू."

"काढीन का मी?" ती म्हणाली.

व्हिडिओ ऐकला त्या दिवशी मला लगेच गडावर जायचं होतं. पण सीझनमध्ये कारखाना सोडता येत नाही. ट्रक उभे असतात, लोक मूर्ती न्यायला दारात बसतात. मी तिला फोन लावला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हा म्हणाली, "पावनं हायत, मागनं करते." केला नाही. मी स्वतःची समजूत काढत राहिले की बाबा मोबाइल वापरत नाहीत, त्यांना कळणार नाही. गणपती होऊन कारखाना मोकळा झाला, तेव्हा मी निघाले. नागोठण्याला एस.टी. बराच वेळ थांबली, रस्ता खोदला होता. खिडकीत बसून मी काय बोलायचं ते जुळवत होते.

दरवाज्यात पोचले तर बाबा झाडत नव्हते. सकाळी दरवाजा झाडायचा हा त्यांचा नेम. देवडीत पाला साचला होता.

ते पडवीत बसले होते. मी पाया पडले. त्यांनी पाणी दिलं, नवऱ्याची कंपनीतली शिफ्ट कुठली आहे ते विचारलं. मग म्हणाले, "दिंडीचं तिला कोनी सांगितलं?"

नंतर शेजारणीकडून कळलं ते असं. गणपतीच्या आधीच्या रविवारी काही पाहुणे आले होते. बाबा दरवाज्यात झाडत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "आजोबा, तो फितूर राहायचा कुठे?" बाबा म्हणाले, "कोन फितूर?" तर त्याने हौसेने मोबाइल काढून, आवाज मोठा करून, बाबांच्या कानाशी धरला. बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. झाडू भिंतीला टेकवला आणि घरी गेले.

हे सगळं कळायच्या आधी मी बाबांसमोर उभी होते आणि त्यांनी विचारलं होतं. खोटं बोलता आलं असतं. गावात जुनी माणसं आहेत, कुठून तरी बाहेर पडलं असेल म्हणता आलं असतं.

"मी," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले, आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेले.

मी तशीच मैत्रिणीकडे गेले. ती मांडवात ताटं पुसत होती. मला बघून हसली. "कवा आलीस गो? भाकरी खातेस?"

"तू काय सांगत सुटलीस?" मी म्हटलं.

"कशाचं?"

"दरवाज्याचं."

तिने ताट ठेवलं. "अगो, ती गोष्ट हाय. लोकांना आवडते."

"गोष्ट कोनाची हाय?"

"मी तुमच्या घराचं नाव घेतलंय? राखनदार बोलले फक्त."

"राखनदार कुठल्या घरातला ते गावातल्या शेंबड्या पोराला म्हाईत हाय."

तिने फडकं खाली टाकलं. मग तिचाही आवाज चढला. "तूच बोललीस ना, त्यानं दिंडी उगडली म्हनून? उगडली का नाय? मंग मी खोटं काय बोलले?"

"बायकापोरांसाटी उगडली. त्यासाटी मेला तो."

"ते मी पयले तसंच सांगायची," ती म्हणाली. म्हणजे माझ्या मागे ती ते लोकांना आधीपासूनच सांगत होती, व्हिडिओच्याही आधी. "लोक ऐकायचे नि फुडं जायचे. फोटो काढायचे नि जायचे. एकदा सहज फितूर बोलले, तर समदे थांबले. एक बाई तर दिंडीवर थुंकली. तवा मला समजलं, लोकांना काय पायजे ते. दुसऱ्या गडांवर काय काय दाखवतात. माज्या मांडवात कोन येनार? तू पेणला बसून बोलतेस. मला हितं ऱ्हायचंय."

"बाबांनी ऐकलं," मी म्हटलं.

"काकांना? त्यांच्याकडं मोबाइल कुठं हाय?"

तिने हे खरोखर विचारलं. बाबांपर्यंत पोचणार नाही, एवढा हिशोब तिने आधीच केला होता. जवळपास मीही तोच केला होता, कारखान्यात बसून. पण ते मला त्या वेळी सुचलं नाही. मी तिला म्हटलं, "टाक्यात तू मला काय सांगितलंस ते मी पन सांगू का गावाला?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुसलेलंच ताट पुन्हा उचललं. मी तिथून निघाले. सांगणार नव्हते मी. पण तसं म्हटलं, याची मला आजही लाज वाटते.

तिने दोन दिवसांत तो व्हिडिओ काढून टाकला. त्याने काही झालं नाही. तोपर्यंत दुसऱ्यांनी तो घेतला होता, त्याला स्वतःचे आवाज लावले होते. एकात तर राखणदाराला चांगल्या मिशा लावून चितारलं होतं.

दसऱ्याच्या आधी देवळात बैठक झाली. बाबांना बोलावणं आलं, मीही गेले. तरुण मंडळाचा अध्यक्ष वाईट मुलगा नाही. बाबांच्या मांडीवर खेळलेला. तो खाली बघत बोलला.

"काका, आमचं म्हननं काय नाय. पन यंदा बाहेरनं लोक येनार, शूटिंग करनार. ते इचारतात, फितुराच्या घरचा मान कसा काय? तर यंदा तोरन मंडळ बांदील. पुडल्या वर्साचं पुडं बगू."

बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्या माणसांनी घोंगडीवरचे काटे वेचायला घेतले.

मैत्रीण बायकांत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने एवढंच म्हणायचं होतं, 'फितुरीचं मी बनवलं.' एका वाक्याचं काम होतं. तिने पदर सारखा केला आणि मोबाइलकडे बघितलं.

मग मी उभी राहिले आणि देवळात सगळी गोष्ट सांगितली. वेढा, टाकी, पोरं, दिंडी, कडेलोट, तोरण. बाबांनी मला थांबवलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझं बोलणं संपल्यावर कोणीतरी म्हणालं, "मंग इतकी वर्सं का नाय सांगितलं?"

दुसरा म्हणाला, "कागद हाय का काय?"

"नाय," मी म्हटलं. "पन तिच्या गोष्टीला तरी कुटं कागद हाय?"

यावर दोघं-तिघं हसले, म्हणजे मला साथ दिल्यासारखं. पण ठरलं होतं ते ठरलं. मंडळाने तोरण बांधायचं.

दसऱ्याला सकाळी, सवयीने, मी खाचरातून लोंब्या काढून आणल्या होत्या. पडवीत ठेवल्या. बाबा अंघोळ करून आले, लोंब्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "गाईला घाल." मग कोयता घेऊन खाली शेतावर गेले. तिथे त्या दिवशी काही काम नव्हतं. दरवाज्याकडून ढोल वाजत होता. रोह्याच्या बाजारातून ऑर्डर देऊन मोठा झेंडूचा हार आणला होता, त्यात लोंबी एक नव्हती. मी तटाच्या मागून बघत होते. शिडीवर चढून अध्यक्षाने तो बांधला, टाळ्या पडल्या. मैत्रीण पुढे उभी राहून पाहुण्यांना काहीतरी समजावत होती. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. दुपारी बाबा वर आले, जेवले. संध्याकाळी सोनं द्यायला नेहमीसारखी पोरं आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. अध्यक्षाच्याही.

मंडळाने दिवाळीनंतर दरवाज्याशी एक पाटी लावली. लाल अक्षरांत 'फितुरीचा दरवाजा'. पत्र्याची पाटी आहे. कोणी सरकारी माणूस येऊन विचारून गेला नाही, कोणी हरकत घेतली नाही. आता गडावर येणाऱ्यांना तेच नाव माहीत आहे.

बाबांचे डोळे अधू झाले होते. मोतीबिंदू काढायचं निमित्त करून मी त्यांना पेणला आणलं. ऑपरेशन झालं, चांगलं दिसायला लागलं, पण ते परत जायचं बोलले नाहीत. गाय शेजारणीला दिली. आमच्या आळीत कोणी विचारलं, आजोबा कुठले, तर सांगतात, "खांबच्या बाजूचा." गडाचा उल्लेख करत नाहीत.

गेल्या वर्षी मैत्रीण पेणला आली. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. दारात उभी राहिली तेव्हा मला कळेना, ये म्हणायचं की नाही. बाबाच आतून म्हणाले, "कोन, आत ये गो." ती त्यांच्या पायाशी बसली. तिला हुंदका आवरेना. "काका, माजं चुकलं. मला खूप वाटतं..."

"तुजं काय चुकलं?" बाबा अगदी शांतपणे म्हणाले. "तू बाहेरची. तुला जे हाती लागलं, ते तू इकलंस. ज्यानं घरातलं काडून तुज्या हातात दिलं, ते तर आमचंच व्हतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. मैत्रिणीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला माझी कीव दिसली. तिच्यावर दोन वर्षं केलेला राग त्या क्षणी माझ्या हातातून गळून पडल्यासारखा झाला आणि त्याच्या जागी काय आलं, ते मला नीट सांगता येत नाही. मी चहा दिला. तिने प्यायला. अक्षता ठेवून गेली.

लग्नाला मी गेले. बाबा आले नाहीत. दरवाज्यात एक अनोळखी मुलगी दहा-बारा लोकांना गोष्ट सांगत होती. मी थांबून पूर्ण ऐकली. ती चांगलं सांगत होती. वतन, विश्वासघात, उघडणारी दिंडी. एका माणसाने शेवटी शिवी दिली. मी वाकून दिंडीतून आत गेले आणि मांडवात जाऊन अक्षता टाकल्या.

परत आल्यावर, बाबा जेवून बसले असताना, मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मला माफ करा."

त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तू माजी लेक हायस. तुज्या घरात ऱ्हातो, तुज्या हातचं खातो. तुला टाकीन व्हय मी? पन आता घरातलं काय इचारू नको."

त्यांच्याकडे अजून खूप आहे. आजोबांचं, आईच्या माहेरचं, गाळ काढताना टाक्याच्या तळाशी दिसलेल्या दोन कोरीव पावलांचं. मी विचारत नाही. ते सांगत नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसतो. ते रस्त्यावरच्या गाड्या बघतात. भाताला पाऊस पुरेल का, एवढं बोलतात.